वरात मागच्या गेटनं गेली

गुलाबपाकळ्या टाकलेलं पितळेचं घंगाळ मी दोन्ही हातांनी उचललं आणि गेटसमोर अंथरलेल्या फटाक्यांच्या लडीवर उपडं केलं. नवरदेवाचा एक मित्र पेटलेली उदबत्ती घेऊन वाकलाच होता. त्याच्या बुटांवर पाणी उडालं. बँड थांबला. घोडीवरचा नवरदेव माझ्याकडे बघत राहिला.

नवरीचे वडील विठ्ठलराव पुढे आले. उटनूरला त्यांचं कापडाचं दुकान. माणूस मायाळू, पण त्या वेळी चेहरा लालबुंद.

“मॅडम, हे काय करून राह्यल्या तुमी? माह्या व्याह्याची वरात हाये ही.”

“विठ्ठलराव, वरच्या वळणावर गॅसचा टँकर उलटलाय. ती उदबत्ती आधी विझवायला सांगा. मग मला काय बोलायचं ते बोला.”

त्या मित्रानं उदबत्ती लडीभोवती साचलेल्या पाण्यात बुडवली. तिथून पुढे आमची धावपळ सुरू झाली.

आमचं हॉटेल नेरडीगोंड्याच्या अलीकडे, हायवेला लागून आहे. खोल्या, रेस्टॉरंट आणि मागे मोठा बँक्वेट हॉल. बँक्वेट म्हणजे लग्न, साखरपुडा, कंपनीची मीटिंग, असे मोठे कार्यक्रम. मी तिथली जनरल मॅनेजर. माहेर नार्नूरकडचं, घरी भाजीचा मळा. हॉटेल मॅनेजमेंट शिकले हैदराबादला आणि सुरुवात केली खोल्यांतल्या चादरी बदलण्यापासून. या हॉटेलात किचन, हाउसकीपिंग आणि रिसेप्शन या तिन्ही विभागांच्या प्रमुख बायका होत्या. मी मुद्दाम तशी टीम बांधली होती. मालकांना ती फारशी रुचली नव्हती. त्यांचं म्हणणं, “शोभा, रिसेप्शन तुम्ही छान बघता. पण बँक्वेटला दमदार माणूस लागतो.” हैदराबादचा एक इव्हेंट हेड त्यांनी बघूनही ठेवला होता. विठ्ठलरावांच्या अश्विनीचं लग्न हा आमचा पहिला मोठा कार्यक्रम. तो नीट झाला तर बँक्वेट आमच्याकडे राहणार, नाहीतर इव्हेंट हेड येणार. हे ठरलेलंच होतं.

टँकरची बातमी आणली एका लॉरीच्या ड्रायव्हरनं. वळणावर लॉरी सोडून तो पळत खाली आला होता. “मॅडम, गॅस निकल रहा है,” एवढंच म्हणाला आणि गेटपाशी बसला. त्याला दम लागला होता. मी बाहेर आले तेव्हा मलाही वास आला. सिलिंडर लीक झाल्यावर येतो तसा, सडक्या कोबीसारखा.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराला वाहतो आणि खोलगट जागी साचतो. आणि आमचं हॉटेल अगदी उताराच्या पायथ्याशी. ठिणगी कुठूनही मिळू शकते. चूल, फटाका, गाडीचा स्टार्टर, काहीही पुरतं.

रिसेप्शनवरून हाक आली, मालकांचा फोन. त्यांना हायवेवरच्या कुणीतरी कळवलं होतं.

“पोलिसांनी रिकामं करायला सांगितलं का?” त्यांनी हिंदीत विचारलं.

“नाही सर. ते अजून पोचलेच नाहीत.”

“मग पॅनिक करू नका. गॅस बंद करा, पाहुण्यांना कोल्ड ड्रिंक द्या, थांबा. लग्नातून पाहुणे हाकलले असं नाव झालं तर पुढे कोण बुकिंग देईल?”

“सर, मी बाहेर काढतेय सगळ्यांना.”

“शोभा, हा निर्णय तुमचा एकटीचा आहे, लक्षात ठेवा.”

“हो सर,” म्हणाले आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या वाक्यानं मला भीती वाटायला हवी होती. उलट अंगात बळ आलं. निर्णय माझा आहे हे त्यांनी पहिल्यांदाच मान्य केलं होतं.

किचनमध्ये आमची शेफ लता होती. मंचिर्यालची, बोलणं निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. बिर्याणीची पातेली दमावर होती. मी म्हटलं, “लता, सगळे बर्नर बंद. बाहेरचा मेन व्हॉल्व बंद. पोरांना घेऊन मागच्या गेटला चल.”

“अक्का, बिर्याणी होतच आली. पातेली उचलून नेऊ?”

“काही उचलायचं नाही. फक्त माणसं.”

तिनं त्या पातेल्यांकडे एकदा पाहिलं. पहाटेपासून ती त्यांच्यामागे होती. मग एप्रनला हात पुसले आणि बर्नर बंद करत सुटली.

बँडवाल्यांचा जनरेटर बंद झाला. मांडवात भटजी होमाची तयारी करत होते, त्यांच्या हातातली काडेपेटी मी मागून घेतली. गाड्या कुणीही सुरू करायच्या नाहीत, मोबाइल खिशात ठेवायचे, पायी निघायचं, असं मी माइक न लावता ओरडून सांगितलं. लग्नघरातली माणसं अशा वेळी दहा प्रश्न विचारतात. पण वास आता हॉलपर्यंत आला होता. त्यामुळे समजावण्याचं अर्धं काम वासानंच केलं.

खोल्यांची जबाबदारी शबानाची, आमच्या हाउसकीपिंग हेडची. हॉटेल रिकामं करताना आमच्यात एक पद्धत असते. खोली तपासली, आत कुणी नाही, की दाराबाहेर एक उशी ठेवायची. म्हणजे दुसऱ्यानं पुन्हा ते दार उघडत बसायचं नाही. लांब कॉरिडॉरमध्ये एका नजरेत कळतं, कुठली खोली राहिली. शबानाच्या मुली भराभर उशा टाकत गेल्या. मी जिन्यातून वर पाहिलं तर एका दारापुढे उशी नव्हती.

“आत कोणी तरी हाये, मॅडम. आवाज देऊन राह्यली मी, उघडत नाही,” शबानानं सांगितलं.

मास्टर-की लावली. नवरदेवाचे मामा बाथरूममध्ये, डोक्याला साबण लावून गाणं म्हणत होते.

“मामा, टॉवेल गुंडाळा आणि बाहेर या,” शबाना म्हणाली.

“काऊन? जेवणं लागली काय?”

हसू येत होतं, पण तेव्हा हसले नाही. मामा टॉवेलवर सदरा घालून बाहेर आले. शबानानं दारापुढे उशी ठेवली आणि आम्ही जिना उतरलो.

मागच्या गेटला नवंच संकट. डेकोरेशनवाल्याचा ट्रक नेमका गेटला आडवा उभा होता. बाजूनं एक माणूससुद्धा निघेना. ड्रायव्हर चावी घेऊन पळत आला.

“सुरू करू नको,” मी म्हटलं. “न्यूट्रलला टाक.”

मग नवरदेवाच्या मित्रांकडे वळले. फटाके वाजवायला आलेली तीच मंडळी. त्यांनी कोट काढून कुंपणावर टाकले आणि ट्रकला खांदे लावले. माझ्या सिक्युरिटीच्या मुली पुढून ओढत होत्या. बँडवाले हात द्यायला आले, ढोल पाठीवर तसेच. ट्रक हलला, थांबला, पुन्हा हलला आणि हळूहळू पुढे सरकला. गेट मोकळं झालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, टाळ्या नंतर, आधी चाला.

कुठे चालायचं हेही ठरवावं लागतं. असा गॅस असताना वाऱ्याला आडवं आणि चढावर जायचं. मांडवाची झालर कुठल्या बाजूला उडते ते पाहिलं. मागच्या बाजूला मोकळी शेतं, पलीकडे टेकाडावर गाव. वारा रस्त्याकडून डावीकडच्या ओढ्याकडे वाहत होता, गाव उजवीकडे, म्हणजे गावाची बाजू सुरक्षित. लता सर्वांत पुढे, शबाना मध्ये, मी शेवटी. पैठण्या गुडघ्यापर्यंत खोचून बायका चालल्या, म्हाताऱ्यांना तरण्यांनी धरलं. अश्विनीनं चपला हातात घेतल्या होत्या. नवरदेव घोडीवरून उतरला आणि तिच्याशेजारी चालू लागला. लगाम धरून घोडीवाला मागून येत होता. लग्नाआधी नवरा-नवरी असे बरोबर चालताना त्या दोन घराण्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल.

टेकाडावर पोचल्यावर हेडकाउंट घेतला. हेडकाउंट म्हणजे डोकी मोजणं. विठ्ठलरावांनी त्यांची माणसं पाहिली, व्याह्यांनी त्यांची, आम्ही स्टाफ आणि खोल्यांतले पाहुणे. सगळे होते. तेवढ्यात खाली पोलिसांची जीप दिसली. हायवे दोन्हीकडून बंद झाला आणि स्पीकरवरून आजूबाजूची घरं, धाबे रिकामे करायची सूचना आली. आमचं हॉटेल आधीच रिकामं होतं.

विठ्ठलराव एका दगडावर बसले. “मॅडम, जीव वाचला, खरं हाये. पण माह्या पोरीचा मुहूर्त जाऊन राह्यला.”

मला माहीत नाही मी ते कशाच्या जोरावर म्हणाले. “मुहूर्त जाणार नाही. लग्न इथं करू.”

गावात आठवडी बाजाराची जागा आहे. पत्र्याचे शेड, खाली सिमेंटचे ओटे. त्या दिवशी बाजार नव्हता. या गावच्या महिला संघमकडून, म्हणजे बचत गटाकडून, आमच्या किचनला भाजी येते. संघमच्या अध्यक्षा रुक्माबाई. मी त्यांच्या दारात गेले तेव्हा त्या आधीच बाहेर येऊन आमची मिरवणूक बघत उभ्या होत्या.

“रुक्माबाई, लग्न आणलंय. तीनेकशे माणूस आहे. जेवण आणलेलं नाही.”

त्यांनी विचारलं एवढंच, “गंज किती लागतीन?” गंज म्हणजे मोठी पातेली.

“जेवढे असतील तेवढे.”

“मंग उभ्या काऊन हाव? चला.”

पुढचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. संघमच्या बायकांनी गंज काढले, घराघरातून तांदूळ, तूरडाळ, वांगी गोळा झाली. आमची हॉटेलची टीम आणि त्या, मिळून एक किचन झालं. लता आता ओरडून हुकूम देत होती, निम्मे तेलुगूत, आणि सगळ्यांना कळत होते. तीन दगडांच्या चुली पेटल्या. ही जागा टँकरपासून लांब, वाऱ्याच्या वाटेबाहेर होती, ते मी आधी दोनदा बघून घेतलं. शबानानं कुणाच्या तरी दारचं आंब्याच्या पानांचं तोरण मागून आणलं आणि शेडच्या खांबांना बांधलं. अंतरपाटाला शाल मिळाली विठ्ठलरावांच्या मोठ्या भावाची. अक्षतांना तांदूळ गावातून गोळा झालेल्यांतलेच. बँडवाल्यांनी जनरेटरशिवाय, नुसत्या ढोल-सनईवर रंगत आणली.

भटजी ओट्यावर उभे राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली. “सावधान” झालं आणि वर पत्र्यावर अक्षता गारांसारख्या वाजल्या, कारण गावातली पोरं शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर चढून तिथून टाकत होती. विठ्ठलराव रडत होते. मामा टॉवेलवरच होते आणि सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते. मी शेडच्या कडेला उभी होते. इतका आनंद मला कुठल्याही झुंबराखालच्या लग्नात झाला नव्हता.

पंगती ओट्यांवर बसल्या. वरण, भात, वांग्याची भाजी, संघमच्या बायकांनी थापलेल्या ज्वारीच्या भाकरी, ठेचा. हैदराबादहून आलेले पाहुणे भाकर तिसऱ्यांदा मागत होते.

जेवणं चालू असताना मालक आले. आतल्या रस्त्यानं, वळसा घालून. त्यांनी ओट्यांवरच्या पंगती पाहिल्या, चुलीपाशी घामाघूम झालेली लता पाहिली, मग माझ्याकडे आले.

“पोलिसांशी बोलून आलो. ते म्हणाले, तुमचं हॉटेल आम्ही येण्याआधीच रिकामं होतं. गेटवर फटाके होते ना?”

“होते.”

 ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, “भाकर आहे का अजून?”

संध्याकाळपर्यंत गॅस कंपनीच्या माणसांनी टँकरमधला गॅस दुसऱ्या टँकरमध्ये भरून घेतला. स्फोट झाला नाही. हॉटेलला ओरखडाही नाही. बिर्याणी मात्र सगळी फेकावी लागली, आणि लता तिच्यासाठी दोन दिवस हळहळत होती. इव्हेंट हेडचा विषय मालकांनी परत काढला नाही. काही आठवड्यांनी त्यांच्या नेरडीगोंड्याबाहेरच्या नव्या प्रॉपर्टीचं बँक्वेटही त्यांनी माझ्याकडे दिलं. लता तिथली एक्झिक्युटिव्ह शेफ झाली, म्हणजे किचनची सर्वेसर्वा. शबानाकडे दोन्ही हॉटेलांची सेफ्टी आहे. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी उशी कुठं ठेवायची ते शिकवते.

विठ्ठलरावांनी धाकटीच्या साखरपुड्याचं बुकिंग आमच्याकडेच केलं. त्या वेळी मी फीडबॅक मागितला, सगळ्यांना मागते तसा. ते जरा विचार करून म्हणाले, “तवाच्या लग्नातल्या वरणात मीठ जरा कमी होतं, माय.”

मी ते लिहून घेतलं. हॉटेलच्या धंद्यात पाहुण्यानं घरी सुखरूप पोचून केलेली तक्रार, हीच सर्वांत चांगली पावती.