दोन रिंगांचं कलम

मी नेमकं काय काम करते, हे आमच्या घरात कोणालाच धड सांगता येत नाही. घरात आम्ही दोघंच, मी आणि अप्पा. अप्पांचं म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने चौकशी केली की ते कात्री न थांबवता सांगतात, "मुलगी फोनात आहे."

तसं ते खोटं नाही. तांब्याच्या तारांवर चालणारं जुनं टेलिफोनचं जाळं आणि इंटरनेटवर चालणारं नवं जाळं जिथे एकमेकांना भेटतात, तिथे कोणी कसं वागायचं याचे नियम ठरवावे लागतात. त्यांना मानकं म्हणतात. ती वेगवेगळ्या देशांतले इंजिनिअर एकत्र बसून लिहितात, आणि अशा एका समितीत मी बरीच वर्षं आहे. अप्पांना मी एकदा समजावलं होतं, की सुती आणि रेशमी कापड जोडायचं आहे आणि शिवणीवर चुणी पडता कामा नये. ते म्हणाले, "त्याला इतके देश कशाला? एक बरा टेलर पुरे की."

समितीत मी लिहिलेलं एक कलम होतं आणि मला त्याचा फार तोरा होता. जुन्या जाळ्यातला फोन नव्या जाळ्यात शिरताना पलीकडचं ठिकाण शोधायला काही सेकंद जातात. तेवढा वेळ फोन करणाऱ्याच्या कानात नुसती शांतता. लोकांना वाटतं लाइन मेली, आणि ते फोन ठेवून देतात. म्हणून माझं कलम असं, की नंबर फिरवून झाला की दोन जाळ्यांच्या सांध्यावरच्या यंत्राने लगेच रिंगचा आवाज ऐकवायला सुरुवात करावी, पलीकडे घंटी वाजायला लागली असो वा नसो. उत्तर युरोपातल्या एका उंच, शिस्तप्रिय गृहस्थांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता. जे वाजत नाही ते वाजतंय असं सांगणं म्हणजे खोटेपणा, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना तीन बैठका दमवलं. शेवटी अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाची हरकत?" आमच्याकडे हात वर करून मतदान होत नाही; कोणी बोललं नाही की ते मान्य झालं. ते गृहस्थ बोलले नाहीत. त्या संध्याकाळी मी स्वतःला दोन प्लेट मैसूरपाक खाऊ घातला.

आता आत्याविषयी सांगायला हवं. अप्पांची थोरली बहीण म्हैसूरजवळच्या एच. डी. कोटे गावात एकटी राहते. तिथल्या शाळेत तिने आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलं, निवृत्त झाली आणि तिथेच राहिली. अजूनही दुपारी चार-पाच मुली तिच्या ओसरीवर कापड बेतायला बसतात आणि ती त्यांच्यावर मनसोक्त ओरडते. अप्पांचं वर्षानुवर्षं एकच पालुपद, "अक्का, म्हैसूरला ये. एकटी पडलीबिडलीस तर आम्हाला कळणार कसं?" त्यावर आत्याने स्वतःच तोडगा काढला होता. रोज सकाळी दुकान उघडलं की ती दुकानाच्या फोनवर दोन रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. म्हणजे मी ठीक आहे. मग अप्पा तिला एक रिंग द्यायचे. म्हणजे कळलं.

"सरळ बोलत का नाहीस?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"बोलले की तो जेवलीस का विचारतो, मग गुडघ्याचं सांगतो, मग म्हैसूरला ये म्हणतो," ती म्हणाली. "दोन रिंगांत वाद होत नाही, अल्लवा?"

हौदु, खरंच होत नव्हता. त्या दोन रिंगांच्या जोरावर ती स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने राहत होती.

या भाद्रपदात दुकानाची जुनी लाइन सारखी खरखरायला लागली. मीच आग्रह धरून तिथे फायबर घेतलं. फोन तोच, नंबर तोच, फक्त आता तो इंटरनेटवरून चालणार. सोमवारी माणूस येऊन जोडून गेला. मंगळवारी आत्याची रिंग आली नाही. विसरली असेल, असं अप्पा म्हणाले. बुधवारीही नाही. उलट फोन केला तर उचलेना. अप्पांची पाचावर धारण बसली. त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, मला फोनवर एवढंच म्हणाले, "मी कोट्याला निघालो," आणि बस पकडली.

तिकडे आत्याने मंगळवारी दोन रिंग दिल्या होत्या. स्वतःच्या कानांनी ऐकून, मोजून दिल्या होत्या. अप्पांची एक रिंग परत आली नाही. बुधवारीही तेच. भाऊ आजारी पडला, हे तिने ठरवूनच टाकलं, आणि मिळाली त्या पहिल्या बसने म्हैसूरला निघाली. वाटेत कुठेतरी दोन बस एकमेकींना हॉर्न देऊन गेल्या असतील. अप्पा कोट्याला पोचले तर घराला कुलूप. आत्या दुकानापाशी पोचली तर शटर खाली. शेजारच्या बटणं आणि लेस विकणाऱ्या दुकानदाराने मला फोन केला, "मेडम, तुमच्या आत्या इथं पायरीवर बसून रडतायत. दुकानाला आग लागल्यागत माणसं जमलीत." मी धावले. तेवढ्यात कोट्याहून आत्याच्या शेजारणीचा फोन, की तुमचे अप्पा आमच्या ओसरीवर बसून रडतायत.

मला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

संध्याकाळी दोघं आमच्या जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसली. जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे आता भांडायला मोकळी होती.

"रिंग दिली म्हणते मी! दोन!"

"फोन वाजलाच नाही अक्का. मी समोरच होतो."

"तुझे कान गेलेत."

"तुझे गेलेत. नसलेली रिंग ऐकतेस."

शेवटी अप्पा म्हणाले, "ते काही नाही. रिंगचा भरवसा संपला. आता तू इथंच राहायचं. आयतु, ठरलं." आत्या गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "दसऱ्यापर्यंत थांब. तोवर ही रिंग नीट नाही झाली, तर येते सामान घेऊन." अप्पांनी शब्द दिला. आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तू फोनात आहेस ना? मग बघ."

दुसऱ्या दिवशी मी बटणवाल्याच्या दुकानातून, त्याच्या जुन्या तारेच्या फोनवरून, अप्पांचा नंबर फिरवला. दोन्ही दुकानांत एकच भिंत, दारात उभं राहिलं की दोन्हीकडचं दिसतं. माझ्या कानात रिंग वाजली. दुसरी वाजली. अप्पांच्या टेबलावरचा फोन मात्र ढिम्म. तिसरी रिंग कानात अर्धी होत आली, तेव्हा कुठे तो बिचारा जागा होऊन वाजायला लागला.

कानाला रिसीव्हर लावून मी तशीच उभी राहिले. आत्या खोटं ऐकत नव्हती, अप्पांचे कान गेले नव्हते. कोट्याची लाइन अजून तांब्याचीच, त्यामुळे तिला रिंग ऐकवली जात होती ती सांध्यावरच्या यंत्रातून, माझ्या कलमाप्रमाणे. पलीकडे घंटी पोचायच्या आत ती दोन मोजून फोन ठेवत होती. लोक घाबरून फोन ठेवतात याचा मी तीन बैठका कीस काढला होता. मुद्दाम ठेवणारी माणसंही असतात, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मी वाढले होते त्याच दोन रिंगांवर! कॉलेजातून बसस्टॉपवर पोचले की मी स्वतः अप्पांना एक रिंग देत असे. कपाळाला हात लावला.

एक्स्चेंजमधला इंजिनिअर कधीकाळी माझ्या हाताखाली शिकलेला. त्याला म्हटलं, ते आवाजाचं सेटिंग बदल. तो अदबीने म्हणाला, "मेडम, बदललं तर तपासणीत नापास होतो. मानकात स्पष्ट आहे. कलम तुमचंच ना?" मग माझी दया येऊन म्हणाला, "समितीत दुरुस्ती मान्य होऊ दे, त्याच संध्याकाळी बदलतो."

बैठक दसऱ्याच्या आठ दिवस आधी होती. मी लेखी प्रस्ताव पाठवला, की माझं कलम रद्द करावं. अध्यक्षांचं सविनय पत्र आलं, की आपण चुकून जुनी फाइल पाठवली आहे का?

बैठक ऑनलाइन होती, आपल्याकडची दुपार. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. अप्पा दुकान बंद करून आले आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने खुर्ची घेऊन बसले. माझा प्रस्ताव पुकारला गेला आणि पहिला हात वर झाला तो त्याच उंच गृहस्थांचा. मला वाटलं, हे तरी खूश होतील. छे! त्यांच्या देशातली सगळी यंत्रं एव्हाना माझ्या कलमाबरहुकूम चालत होती. त्यांनी जुनी इतिवृत्तं काढली आणि माझीच वाक्यं मला वाचून दाखवायला सुरुवात केली. शांततेने माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस फोन ठेवतो. मी किती छान बोलले होते! मला स्वतःचाच राग येत होता आणि थोडं कौतुकही वाटत होतं.

माझी पाळी आली तेव्हा तयार केलेली टिपणं मी बाजूला सारली. आत्याचं सगळं सांगितलं. दोन रिंग, एक रिंग, दोन बस, एक पायरी, एक ओसरी. आणि विचारलं, "इथे कोणी कधी मुद्दाम, न बोलण्यासाठी फोन केला आहे का?"

कोणी बोलेना. आमच्या समितीच्या हिशेबाने ते मान्य झालं, की असा फोन कोणीच करत नाही.

मग पूर्व आफ्रिकेतल्या बाईंचा माइक उघडला. "माझी आई. एक रिंग म्हणजे बाजारातून निघाले, भात टाक." इटलीचे प्रतिनिधी हसत म्हणाले, की आमची सगळी प्रेमप्रकरणं एका रिंगेवर चालायची, आणि बायको शेजारच्या खोलीत आहे म्हणून ते जास्त सांगणार नाहीत. फिलिपिन्सच्या तरुणाचे वडील जहाजावर होते. बंदराला लागले की तीन रिंग. मग एकेक जण बोलायलाच लागला. अध्यक्षांनी दोनदा वेळेची आठवण करून दिली आणि तिसऱ्यांदा स्वतःच्याच मामाची गोष्ट सांगितली. माझ्या इतक्या वर्षांत त्या बैठकीत असं कोणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं. एवढी शहाणी माणसं आम्ही, आणि घरचं सगळं घरी ठेवून नियम लिहायला बसत होतो.

शेवटी उंच गृहस्थांनी चष्मा काढला. "माझी आजी," ते म्हणाले, "आम्ही तिला भेटून घरी परतलो की तीन रिंग वाजेपर्यंत झोपत नसे." चष्मा पुन्हा चढवला. "पण शांततेचं काय करायचं?"

वाद आता वाद राहिलाच नव्हता. तासाभरात आम्ही दोघांनी मिळून नवं कलम लिहिलं. रिंगचा आवाज पलीकडे घंटी खरोखर वाजायला लागल्यावरच द्यायचा, आणि तोवर शोध चालू आहे हे कळावं म्हणून वेगळा, हलका, टिकटिकता आवाज. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाची हरकत?" मी श्वास रोखला. अप्पांनीही रोखला, त्यांना इंग्रजी फारसं कळत नसूनही. कोणी बोललं नाही.

"झालं?" अप्पांनी कुजबुजून विचारलं.

"झालं."

त्या संध्याकाळी इंजिनिअरने शब्द पाळला. मी आत्याला फोन करून समजावलं, की आधी टिकटिक येईल ती मोजायची नाही. "टेलर आहे मी," ती म्हणाली, "मोजणं मला शिकवू नको." सकाळी मी मुद्दाम दुकानात जाऊन बसले. फोन वाजला. पुन्हा वाजला. थांबला. अप्पांनी परत एक रिंग दिली, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही ओवला जाईना. "आता ती यायची नाही," ते म्हणाले. मला वाटलं होतं ते सुटल्यासारखं म्हणतील. त्यांचा आवाज तसा नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की इतकी वर्षं ते तिच्या काळजीने तिला बोलवत होते असं आम्ही समजत होतो, आणि त्यांना नुसती ती हवी होती. मला वाईट वाटलं. आत्याचं घर मी वाचवलं होतं आणि अप्पांची बहीण घालवली होती.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात आत्या, हातात एक फुगलेली पिशवी. अप्पा गडबडून उठले. "अक्का? काय झालं? फोन बिघडला?"

"फोनला काय धाड भरलीय?" आत्याने चपला काढल्या. "सुम्ने, सहज आले. आठ दिवस राहणार आहे."

"पण मी तर आता ये म्हटलं नाही."

"म्हणूनच आले," आत्या म्हणाली, आणि पिशवी त्यांच्या हातात देऊन सरळ स्वयंपाकघरात गेली.