नाबोरची फळी

कूका चिडली की आधी तिचे कान लाल व्हायचे, मग आवाज चढायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या तमाल्यांत, मक्याच्या पानात उकडलेल्या पिठाच्या वळकट्यांत, मीठ जास्त पडायचं. रस्त्यावरच्या लोकांना हा क्रम तोंडपाठ. सकाळी सहाला तिची हातगाडी चर्चच्या कोपऱ्यावर लागायची. पहिलाच घास खारट लागला की गिऱ्हाईक मक्याचं पान सोलता सोलता हळूच विचारायचं, "आज कोणावर?" एकदा ती पाद्रीबाबांवर चिडली, कारण त्यांनी तिच्या आईच्या नावाची प्रार्थना घाईघाईत उरकली होती. आठ दिवस अख्ख्या मोहल्ल्याने खारट तमाले खाल्ले. नवव्या दिवशी लोकांनीच पाद्रीबाबांना धरलं आणि प्रार्थना पुन्हा म्हणायला लावली. सावकाश.

पण तो राग काहीच नव्हे. खरा राग पाहिला तो पूर्वजांच्या मेळ्यात.

शिकागोतल्या आमच्या मोहल्ल्यात एक नोव्हेंबरला बागेत हा मेळा भरतो. त्या वर्षी मंडळाने ठरवलं, सगळ्यांची मिळून एकच उंच पायऱ्यांची वेदी मांडायची आणि फोटोंऐवजी प्रत्येक घरच्या मेलेल्यांचे चेहरे हातभर फळ्यांवर रंगवायचे. रंगवणारा अबुंदिओ. एरवी तो भिंतींना रंग देई, पण हाताला जादू. लोकांनी फोटो आणून दिले. कूकाने आईचा दिला, बापाचा दिला. धाकट्या भावाचा, नाबोरचा, दिला नाही. कसा देणार? तिच्या लेखी तो जिवंत होता.

सव्वीस वर्षांपूर्वी आई गेल्याचा निरोप आला तेव्हा नाबोरच सरहद्दीपलीकडे गावी गेला. "तू जा, मी इथलं बघते," असं म्हणणारी कूकाच. परत येताना कागदपत्रं नाहीत म्हणून तो सरहद्दीच्या वाळवंटातून पायी निघाला. निघाला एवढं कळलं. पोचला नाही. ना प्रेत, ना पत्र. वेदीवर चेहरा ठेवला म्हणजे माणूस मेल्याचं आपणच कबूल केलं, आणि जित्याच्या नावाने तिथे मेणबत्ती लावली तर त्याचं आयुष्य तुटतं, हे कूकाच्या हाडीमाशी भिनलेलं. म्हणून तिने त्याच्यासाठी मेणबत्ती लावली नाही, आणि त्याची बायको देल्फिना हिलाही कधी लावू दिली नाही.

तर मेळ्याच्या दुपारी कूका तमाल्यांचं पातेलं घेऊन बागेत शिरली. वेदीकडे पाहिलं. तिसऱ्या पायरीवर आई, शेजारी बाप, आणि दोघांच्या मधोमध नाबोर!

पातेलं खाली आदळलं. कान लाल.

"अबुंदिओ!"

तो शिडीवरून खाली आला, हातात ब्रश. "आवडलं का, मावशी?"

"आवडलं? माझ्या जित्या भावाला खड्ड्यात घातलंस आणि विचारतोस आवडलं का? मेलेले पुरले नाहीत तुला? मग स्वतःचं तोंड रंगव की! हो त्या पायरीवर उभा, मीच लावते मेणबत्ती तुझ्या बुडाखाली!"

"मावशी, मला फोटो मिळाला म्हणून..."

"कोणी दिला?"

"मी दिला, वन्सं," मागून देल्फिना म्हणाली. कवेत झेंडूची फुलं होती.

कूका गर्रकन वळली. "तू? इतकी घाई झाली तुला विधवा व्हायची?"

"घाई? सव्वीस वर्षं म्हणजे घाई?"

 कूकाने तिसऱ्या पायरीवरून फळी उपसली, काखेत मारली आणि फाटकाकडे निघाली. मेळ्याच्या बँडमधल्या ट्यूबा नावाचं मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्याने फुंकर गालातच धरून ठेवली. देल्फिना फुलं सांडत मागे धावली.

"ठेवा ती जागेवर!"

"आणि हा नाबोर नाहीच मुळी!" कूका फाटकात थांबून ओरडली. "हनुवटीवरचा वण बघ! उजवीकडे काढलाय. माझ्या भावाचा डावीकडे होता. मीच मारला होता दगड, लहानपणी, माझी कोंबडी त्याने विहिरीत टाकली म्हणून!"

"फोटोत सावली होती. मी सांगितलं अबुंदिओला, उजवीकडे. अकरा वर्षं त्या तोंडाशेजारी झोपले मी."

"डावीकडे!"

"उजवीकडे!"

कूकाने हात उगारला, दगड धरल्यासारखा. समोर नाबोर उभा आहे असं धरून मनात तो फेकून पाहिला. दगड त्याच्या डावीकडे लागला, की तिच्या डावीकडे? पुन्हा फेकला. रक्त आठवलं, कोंबडी आठवली, आईने पाठीत घातलेला धपाटा आठवला. हनुवटी आठवेना. देल्फिनाही स्वतःची हनुवटी चाचपत होती, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

देल्फिनाने हात खाली घेतला.

"वन्सं," देल्फिना म्हणाली, आणि आता तिचाच आवाज चढला. "तो जिवंत असेल तर माझा काही दावा नाही. पण मेला असेल तर? दर वर्षी आज सगळ्यांचे मेलेले घरी येतात, जेवतात. आपला येतो आणि दाराबाहेर उभा राहतो. ना दिवा, ना पाण्याचा पेला. सव्वीस वेळा उपाशी परत धाडलंत तुम्ही त्याला. तुमच्या हट्टापायी!"

कूकाने तिच्याकडे असं पाहिलं की देल्फिना एक पाऊल मागे सरली. मग कूका तरातरा वेदीपाशी परत आली. आईबापामध्ये फळी ठोकल्यासारखी ठेवली. पातेल्यातून सहा तमाले काढले, वाफाळते, आणि फळीसमोर आपटले.

"ऐक रे," ती फळीवर ओरडली, साऱ्या बागेला ऐकू जाईल असं. "जिवंत असशील तर ये आणि याबद्दल माझ्या थोबाडीत मार. आणि मेला असशील तर खा! सगळे संपव. पान चाटून ठेव, भामट्या!" मग देल्फिनाकडे वळून, "मेणबत्ती मात्र मी लावणार नाही."

"मी लावते."

"लाव. मला बघायची नाही."

ती वेदीकडे पाठ करून उभी राहिली. शहरालगतच्या सरोवरावरचा वारा सुटला होता. देल्फिनाच्या दोन काड्या विझल्या. कूकाने शाल खांद्यावरून काढली, दोन्ही हातांनी रुंद धरली आणि वाऱ्याच्या आड सरकली, पाठ तशीच ठेवून. तिसरी काडी पेटली.

"मावशी, खुर्ची आणू?" अबुंदिओने लांबूनच विचारलं.

"तू माझ्याशी बोलू नकोस," कूका म्हणाली. अंधार पडेपर्यंत ती तिथून हलली नाही, वाऱ्याला शिव्या घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी तमाले इतके खारट होते की कोणीही विचारलं नाही, आज कोणावर.