मोटारीचं दावं

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं आणायचं. आपलं दावं खुंटीला राहिलं की गोठा रिकामा राहत नाही, असं म्हणतात. म्हणून लढाईच्या दिवसांत मामंजींनी मोटार विकली, तेव्हा इंजिन सुरू करायला पुढून फिरवायचं लोखंडी हँडल मी गुपचूप काढून खुंटीला अडकवलं. दावं घरात आहे तोवर धनी परत येईल, एवढंच माझ्या मनात होतं.

मोटार आमच्या ह्यांची. उंब्रज-कऱ्हाड भाड्यानं चालवायला जुनीच घेतलेली. मग ते पलटणीत ड्रायव्हर होऊन ब्रह्मदेशाकडं गेले आणि पुढं पत्रं यायची थांबली. मोटार दोन वर्षं म्हशीशेजारी उभी होती. मी रोज तिच्या काचा पुसायची. सासूबाई म्हणायच्या, “येवढं म्हशीला पुसलं असतंस तर शेरभर दूध वाढलं असतं.” बापाला लेकाची मोटार विकायचा हक्क आहे का, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

घेणारा आष्ट्याचा गूळवाला. पेट्रोल नव्हतं म्हणून त्यानं बैल जुंपून ती ओढत नेली. महिन्याभरानं रेशनच्या पेट्रोलची चिठ्ठी मिळाली, तेव्हा त्याला हँडल आठवलं.

“समद्या सामानासकट घेतलीया,” तो ओसरीवर बसून म्हणाला. “वकिलाला इचारून आलोय. हँडल माजं हाय.”

“घेताना बघून घ्यायचं,” मामंजी म्हणाले, पण जोर नव्हता.

मग त्यानं मोटारीचं पुस्तक काढलं. नाव बदलायला मालकाची सही लागते. मालक नसेल तर तो मयत आहे असं वारसांनी लिहून द्यायचं, हेही वकिलानंच सांगितलेलं. आणि त्यानं पुस्तकातलं ते नाव मोठ्यानं वाचलं.

नवऱ्याचं नाव मी कधी घेत नव्हते. पत्रं थांबल्यापासून मामंजीही घेत नव्हते. इतक्या दिवसांनी ते घरात ऐकू आलं. मला मोटार नको होती, ते हवे होते.

मामंजी म्हणाले, “तूच सांग, पोरी.”

खुंटीवरचं हँडल काढून मी ओसरीवर आले. परक्या माणसाशी त्या घरात मी पहिल्यांदाच बोलत होते.

“हे न्या. तुमचा हक्क हाय. पर तसलं लिवून मी देणार न्हाई.”

“मग मोटार त्यांच्याच नावावर ऱ्हाईल की, वैनी. नाक्यावर पोलिसानं मालक कोण म्हून इचारलं तर?”

“नाव सांगायचं. लढाईवर गेल्यात म्हणायचं.”

त्यानं पुस्तक मिटून खिशात घातलं आणि हँडल घेऊन तो गेला.

पुढं लढाई संपली. आसपासच्या गावांतले कितीतरी जण परत आले. सडकेवरून मोटार गेली की मी हातातलं काम सोडून दारात यायची. ती आमची असो नसो, आज कुठल्यातरी नाक्यावर कुणीतरी त्यांचं नाव घेतलं असेल, असं वाटायचं.

त्या खुंटीला मी दुसरं काही अडकवलं नाही.