शिंदेसर, बीपी आणि लिटरभर पाणी

आमच्या स्टाफरूममध्ये तपासायच्या वह्या आणि शिंदेसरांचे किस्से, दोन्ही रोज साचतात. वह्या निदान कधीतरी संपतात!

शिंदेसर आमचे हेडमास्तर. कोल्हापुरात ओरडले, तर उचगावात पोरं उठून उभी राहतात. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन बीपीमुळं दोनदा पुढं ढकललं. डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलायच्या आधी सावकाश पाणी प्या. बीपी उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही." तेव्हापासून सरांच्या हातात लिटरची बाटली आणि आम्हाला शांत राहण्यावर प्रवचन. तेही ओरडूनच!

*

ऑनलाइन माहिती भरताना शेवटच्या पानावर सर्व्हर गेला. सहाव्यांदा! सरांनी अर्धी बाटली रिकामी केली आणि कॉम्प्युटरला म्हणाले, "चालू दे तुझं निवांत. आमचा काय, जन्म पडलाय की!"

*

एक पालक तणतणत आले. "पोरगं गणितात नापास झालंच कसं?"

सर नुसते घोट घेत त्यांच्याकडं बघत राहिले. एक मिनिट... दोन मिनिटं... शेवटी पावणंच घाबरले. "ऱ्हाऊ दे सर, चूक त्याचीच हाय."

*

तपासणीला साहेब आले. दोन तास त्यांनी चुका काढल्या, दोन तास सर पाणी पीत हसत राहिले. साहेब खूश! "एवढा शांत हेडमास्तर मी पाहिला नाही. बसा, अजून तासभर बोलू."

पोटात दोन तासांचं पाणी! सरांना बसवेना आणि उठताही येईना!

*

मग ऑपरेशनची तिसरी तारीख आली. मी सोबतीला. मुद्दाम दोन बाटल्या भरून घेतल्या. रिक्षात सर हळूच म्हणाले, "माने, आज बीपीनं दगा दिला तर परत यायचं धाडस न्हाय माझ्यात." मी पटकन पहिली बाटली उघडून दिली.

सातचा नंबर साडेदहाला लागला. पंखा बंद, फाइल सापडेना, वर नर्स म्हणते, "बसा की, घाई कसलीय!" पण सर? घोट घोट, एकदम निवांत.

बीपी निघालं एकशेवीस-ऐंशी! डॉक्टरांनी सरांची पाठ थोपटली. "जिंकलात! उपाशी आलाय ना? सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही ना?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या रिकाम्या बाटलीकडं.

डॉक्टर लालबुंद झाले. फाइल आपटून ते ओरडणार, एवढ्यात सरांनी माझ्या पिशवीतली दुसरी बाटली काढली, झाकण उघडलं आणि पुढं धरली.

"डॉक्टर, आधी सावकाश दोन घोट घ्या. मग बोला."