परीक्षेआधी छापलेली साक्ष

वाशीच्या आमच्या बैठ्या घरात पुस्तकं विकत घ्यायची पद्धत नव्हती. पत्रिका मात्र पलंगाखाली गठ्ठ्यांनी असायच्या. पप्पा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि सुट्टीच्या दिवशी बस स्टँडवर, कधी उरणच्या धक्क्यावर, प्रभूच्या नावाच्या, ख्रिस्ती प्रचाराच्या पत्रिका वाटत. बऱ्याचशा त्यांनीच लिहिलेल्या. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यातला दारुडा पहिल्या परिच्छेदात बायकोला मारायचा, दुसऱ्यात गुडघे टेकायचा, तिसऱ्यात हसायचा. बायकोच्या सुजलेल्या तोंडाचं पुढे काय झालं, हे कुठेच नसायचं. मला ते तेव्हाही खटकायचं.

ऐंशी साल उलटल्यावर मी डी.एड.ला गेले. पप्पांच्या कारखान्यात टाळेबंदीची कुजबुज होती, तेव्हा माझी शिक्षिकेची नोकरी हाच घराचा आधार ठरणार होता. हे मला रोज जेवताना सांगितलं जाई.

आमच्याकडे सराव पाठाची एक रीत होती. खऱ्या शाळेच्या खऱ्या वर्गावर शिकवायचं, मागच्या बाकांवर आपल्या सोबतच्या मुली आणि सर. पाठ संपला की मुलांना बाहेर सोडायचं आणि मग एकेकीने उठून पाठातली एक त्रुटी सांगायची. चांगलं काही सांगायची सोयच नव्हती. जी त्रुटी सांगणार नाही तिचं लक्ष नव्हतं असं धरत, म्हणून सगळ्या शोधून शोधून सांगत. माझा डबा अर्धा खाणारी मैत्रीण उठली आणि म्हणाली, "हिचा आवाज मागे पोचत नाही सर. पुढेही पोचत नाही." सर हसले, म्हणून सगळ्या हसल्या.

 त्यानंतर वर्गात शिरलं की माझे तळहात ओले होऊन खडू मऊ पडायचा. पाठ असलेली वाक्यं डोक्यात दिसायची, पण ओठांपर्यंत यायची नाहीत. सर एकदा मागून म्हणाले, "वर्ग तुला खाणार नाही, बाई. आणि खाल्लंच, तर तुझ्यात खाण्यासारखं काय आहे?"

पप्पांनी मला चर्चच्या मंडळीच्या घरगुती प्रार्थनेत पुढे बसवलं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले, भीतीच्या आत्म्याला जायचा हुकूम केला आणि तो गेल्याचं जाहीरही केलं. माझे हात तेव्हाही थरथरत होते. ते पदराखाली होते, म्हणून कुणाला दिसले नाहीत.

वार्षिक परीक्षेचा पाठ तोंडावर आला असताना पप्पा भायखळ्याच्या छापखान्यातून नवा गठ्ठा घेऊन आले. मी वरची पत्रिका उचलली. 'भीतीचा पराभव: एक साक्ष'. वाशीतली एक तरुणी, शिक्षिका होऊ पाहणारी, भीतीने मुकी झालेली. प्रार्थना. मग पाठात पहिला वर्ग. आणि शेवटी: 'त्या दिवसापासून तिला कधीही भीती वाटली नाही.'

"पप्पा, माझा पाठ अजून व्हायचाय."

"जगाच्या लेखी व्हायचाय. विश्वासाने पाहिलं तर झाला," पप्पा म्हणाले. मग गठ्ठ्याची सुतळी सोडवत, अगदी मायेने, "आता तुला नापास होता येणार नाही."

कुणी शिवी दिली असती तर मी उलट बोलले असते. ह्या मायेपुढे मी नुसती सुतळी गुंडाळत बसले.

पाठ उरणजवळच्या शाळेत होता, विषय मिठागर. बाहेरचे परीक्षक मागे बसले. मी फळ्यावर 'मीठ' लिहिलं, वर्गाकडे वळले आणि तशीच उभी राहिले. मुलं आधी गप्प होती, मग हसू लागली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि मला खाली बसायला सांगितलं.

घरी पप्पांनी विचारलं ते माझं काय झालं हे नाही. त्यांनी विचारलं, आता ह्या एवढ्या पत्रिकांचं काय करायचं. रविवारी उपासनेनंतर एका वडीलजनांनी, मी समोर असताना, घरात लपवलेलं पाप असलं की असं होतं, असं आईला समजावलं. आई प्रसूतिगृहात आया होती. तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

रस्त्यात ती म्हणाली, "मी रोज घाबरते. बाळ रडायला उशीर झाला की माझे पाय गळतात. इतकी वर्षं झाली."

मी विचारलं, मग प्रार्थना करत नाहीस?

"करते की. प्रभू माझी भीती काढून नाही घेत. तो सोबत आत येतो, एवढंच. मला तेवढं पुरतं." थोडं चालून ती म्हणाली, "आणि त्याची लाज राखायला खोटं बोलावं लागत नाही. तुझ्या पप्पांना कोण सांगणार."

मला कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी खरं सांगितलं होतं. पुढचे महिने मी तेवढ्यावर काढले. सकाळी उठून मी भीती घालव असं मागणं बंद केलं. सोबत आत ये, एवढंच म्हणत असे.

ऑक्टोबरमध्ये फेरपरीक्षा, त्याच शाळेत. आईने रजा टाकली आणि शाळेच्या ओट्यावर जाऊन बसली. आत पहिल्याच वाक्याला खडू हातात मऊ पडला. मी मनात 'सोबत आत ये' म्हटलं आणि मुलांना सांगितलं, "मला वर्गासमोर भीती वाटते. मी मधेच थांबले तर तुम्ही थोडं थांबा."

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पानी पिवा. आमी हाव इथंच." शेजारणीने तिला कोपराने ढोसलं.

मी दोनदा थांबले. मुलं थांबली. मिठागरात पाणी कसं कोंडतात, ऊन त्याचं काय करतं, हे शेवटपर्यंत शिकवलं. आवाज सगळा वेळ कापत होता. नंतर सरांनी सगळ्यांसमोर माझी त्रुटी सांगितली: शिक्षिकेने वर्गापुढे स्वतःचा दुबळेपणा उघड केला, हे अक्षम्य आहे. मी काठावर पास झाले.

पप्पा आनंदाने रडले. आणि रविवारी गठ्ठा घेऊन निघाले. आता साक्ष खरी झाली होती ना.

मी म्हणाले, पहिला वर्ग नाही आणि भीतीही गेलेली नाही. ते म्हणाले, देवाच्या कामात एवढा हिशेब करू नये. शेवटची ओळ तरी खोडू द्या, असं मी म्हणाले, तर ते ओरडले, "तुझ्या एका ओळीपायी किती जीव वाचायचे राहतील, कळतंय?"

"त्या एका ओळीपायी मी परीक्षेत मुकी झाले होते पप्पा."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी एवढी मोठी झाल्यावर पहिल्यांदाच. आणि ते निघून गेले.

मीही मागोमाग स्टँडवर गेले. पप्पा पत्रिका देत होते, आणि मी घेणाऱ्याला सांगत होते, "ह्यातली मुलगी मी. शेवटची ओळ खरी नाही."  गालावर बोटं उमटलेली होती, ती लोक आधी बघत. कुणाला वाटलं घरचं भांडण आहे, आणि ते होतंच. एकाने कागद चुरगळून टाकला. पप्पांनी तो उचलला, माझ्याकडे न बघता स्टँडच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथे वाटू लागले.

माझ्या हातात काहीच नव्हतं. मी परत फिरणार, तोच एक नर्सच्या कपड्यातली मुलगी पत्रिका घेऊन माझ्याकडे आली. तिने ती शेवटपर्यंत वाचलेली दिसत होती.

"भीती गेली नाही, तर मग शिकवता कशा?" तिने विचारलं.

"घाबरत," मी म्हणाले. "एकटी नसते पण."

तिची उरणची गाडी लागली होती. ती चढली नाही. "नीट सांगा ना," म्हणाली, आणि मी कापऱ्या आवाजात सांगायला लागले.