पाठ नसलेला खिसा

नारायण पेठेत झेरॉक्सच्या दोन दुकानांच्या मधे, पुस्तकांच्या फळीत कोंबलेल्या वहीसारखं एक शिवणाचं दुकान आहे. दारावर पाटी: ‘दादामियाँ टेलर्स. आल्टर म्हणजे नवीन शिवणे नव्हे. घाई असल्यास तयार कपडे घ्यावेत.’ पाटी वाचून निम्मी गिऱ्हाइकं रस्त्यावरूनच परत फिरतात. उरलेली आत येतात, आल्टरच सांगतात, आणि त्यांना घाईही असते.

दादामियाँचं वय एकाहत्तर. एके काळी त्यांनी अर्ध्या पेठेच्या नवरदेवांना कोट चढवले. आता हातात येतं ते ऑनलाइन मागवलेलं, कुणाची जीन्स लांब, कुणाचा कुर्ता ढगळ. असल्या कामाला ते लेबल लावत नाहीत. तांबड्यावर पिवळ्या अक्षरांची ती विणलेली पट्टी फक्त त्यांनी स्वतः बेतून स्वतः शिवलेल्या नव्या कपड्याला. पट्ट्यांचा डबा गल्ल्यामागे होता आणि वर्षभर उघडला नव्हता. तो एकदा तरी उघडावा, आपल्या नावाची एक वस्तू दुकानाबाहेर जावी आणि परत येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, नसीमबानूंना, न सांगता माहीत होतं.

मार्चमध्ये शुभंकर सर आले. हडपसरकडच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात ते शरीररचना शिकवतात. वय तिशीच्या अलीकडचं, पाठीवर सॅक, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘राईट?’ बांधलेलं. मशीनसमोर उभे राहून ते म्हणाले, “काका, ॲक्च्युअली मला एक पोट हवंय.”

दादामियाँनी चष्म्यावरून वर पाहिलं. “कमी करून, की नवीन?”

सरांना नवीन हवं होतं. पोटाची पुढची भिंत, थर उलगडून दाखवता येईल अशी, कापडाची. कॉलेजातलं प्लास्टिकचं पोट दोन झाकणांत उघडतं आणि मधलं सगळं एकाच गुलाबी रंगात रंगवलेलं आहे, मुलांना काही फील येत नाही, राईट? मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. वर कातडी, खाली चरबीचा थर, त्याखाली दोन्ही कुशींतून येणारे स्नायूंचे तीन पत्रे. बाहेरच्या पत्र्याचे धागे खिशात हात घातल्यावर बोटं जातात तसे तिरपे खाली, मधल्याचे बरोबर त्याच्या उलटे, आणि सगळ्यात आतल्याचे सरळ आडवे. मधोमध छातीपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे पट्टे.

“म्हणजे उरेब, उलटा उरेब, आडवा आणि उभा,” दादामियाँ म्हणाले.

हे समजायला वर्गातल्या मुलांना दोन लेक्चरं लागतात, असं सरांनी कबूल केलं. दादामियाँना आनंद झाला. त्यांनी तो नाक शिंकरून लपवला. धाग्याची दिशा कळावी म्हणून रेघांचं कापड घ्यायचं, हे त्यांनीच सुचवलं. त्याच दुपारी लेबलांच्या डब्याचं झाकण उघडलं.

पोट पहिल्यांदा परत आलं ते ‘राईट’मुळे. बाहेरचा पत्रा तिरपा खाली उतरतो, राईट, असं सर म्हणाले होते. दादामियाँनी कागदावर ‘उजवा’ असं लिहून घेतलं आणि डावीकडे, माणूस दोन्हीकडून सारखा कशाला असेल म्हणून, सगळं उलट केलं. त्यामुळे एका कुशीत उरेब वर आणि दुसऱ्या कुशीत उरेब खाली. सरांनी समजुतीने सांगितलं की चूक त्यांच्या बोलण्याची आहे, ते हल्ली आईशी बोलतानाही राईट म्हणतात. दादामियाँनी लेबल उसवून काढलं, कारण चुकलेल्या मालावर नाव राहू द्यायचं नसतं. समोरच्या चष्म्याच्या दुकानातले रंगनाथराव हे सगळं काचेतून पाहत होते. रोज चार वाजता ते चहा घेऊन पायरीवर येत, आणि त्या दिवसापासून त्यांना एक नवीन वाक्य सापडलं. “काय मियाँ, पोट आलं का परत?”

दुसऱ्यांदा परत आलं ते मात्र दादामियाँच्या तत्त्वामुळे.

त्या दोन उभ्या पट्ट्यांना एक म्यान असतं. मधला पत्रा त्यांच्यापाशी येऊन दुभंगतो, एक पापुद्रा पट्ट्याच्या पुढून जातो, एक मागून. म्हणजे खिसाच, पुढचं कापड आणि पाठ. इथपर्यंत दादामियाँ खूश होते. पण सरांच्या चित्रात बेंबीच्या खाली चार बोटांवर खिशाची पाठच संपत होती. पुढचं कापड खालपर्यंत, आणि मागे काही नाही. दादामियाँनी चित्र उभं धरलं, आडवं धरलं, नसीमबानूंना दाखवलं. त्या रोज दुपारी डबा घेऊन येत आणि संध्याकाळपर्यंत तुरपाई करत. दोघांचं एकमत झालं की पोरगा शिकलेला आहे, घाईचा आहे, चित्र पूर्ण करायचं राहिलं. दादामियाँनी पाठ खालपर्यंत नेली, ओटीपोटाशी दुहेरी शिवण मारली आणि लेबल लावलं.

सर तिसऱ्या दिवशी हजर. राहिलं नव्हतं, तसंच असतं, असं त्यांचं म्हणणं. दादामियाँनी पन्नास वर्षांचा हवाला दिला. पाठ अर्ध्यावर सोडलेला खिसा त्यांच्या दुकानातून कधी गेला नाही, जाणार नाही, लोक म्हणतील म्हाताऱ्याला कापड पुरलं नाही.

“काका, सगळ्यांचं असंच असतं.”

“तुमचंही?”

“माझंही.”

दादामियाँनी सरांच्या कमरेच्या पट्ट्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, “तिथं फुगत असेल.”

सर जरा नाइलाजानेच म्हणाले की हो, कधीकधी त्या कडेपाशीच आतडं बाहेर डोकावतं, त्याला अंतर्गळ म्हणतात.

“म्हणजे शिवण कच्ची आहे, हे तुम्हालाही मान्य.”

नसीमबानूंनी तोंडातला दोरा दातांनी तोडला. “वो तुम नहीं सिये,” त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. “जिसने सिया, उसको सब मालूम. तोबा करो और जैसा बोलते वैसा बनाओ.”

दादामियाँनी तोबा केली. पाठ सांगितल्या जागी कापली. पण हात कुठे ऐकतात? कापलेल्या कडेच्या खाली, पुढच्या कापडाच्या आतून, त्यांनी कॉलरमध्ये घालतात ते बक्रम एक वीतभर लावून दिलं. रंगाला रंग मिळवून, बाहेरून न दिसणारं. देणाऱ्याने उघडं ठेवलं असेल, पण विकणाऱ्याने थोडा आधार द्यायला काय हरकत आहे, असा त्यामागचा विचार. तिसऱ्यांदा लेबल. चार वाजता रंगनाथरावांना त्यांनी न विचारताच सांगितलं की गेलं पोट, आता येत नाही.

आलं. यावेळी सर एकटे नव्हते, सोबत राजनंदिनी नावाची त्यांची विद्यार्थिनी होती, आणि काय झालं ते तिनेच साभिनय सांगितलं. सरांनी वर्गाला म्हटलं, बघा, वर पाठ आहे म्हणून मूठ आत जात नाही, आणि खाली इथे किती मऊ लागतं. मग तिला पुढे बोलावून तिथे मूठ दाबायला सांगितली. तिने दाबली. मूठ पुठ्ठ्यावर आपटावी तशी आपटली. मागच्या बाकावरून आवाज आला, सर, पेशंट जिमला जातो. वर्ग हसून लोळला. हे सांगताना ती मागच्या बाकाचा आवाज काढायची, मग सरांचा ‘ॲक्च्युअली’ काढायची, आणि सर तिच्या शेजारीच उभे होते.

सर हसत नव्हते. पुढच्या आठवड्यात परीक्षा, बाहेरचे परीक्षक येणार, आणि पोट चौथ्यांदा शिवायचं. तोंडी सांगून उपयोग नाही हे त्यांना कळलं. त्यांनी सॅकमधून वहीचे तीन कागद फाडले, मशीनवर पडलेली कात्री उचलली आणि कागद कापायला लागले.

नसीमबानूंनी डोळे मिटून घेतले. ती कात्री दादामियाँच्या वडिलांची. ती फक्त कापडावर चालते. बेतायचा कागद कापायला वेगळी गंजकी कात्री खिळ्याला टांगलेली असते, कारण कागदाने धार मरते, हे शिंप्याच्या घरात मुलं चालायच्या आधी शिकतात. करकर करत ती कागदातून चालली होती आणि दादामियाँचा जबडा तिच्याबरोबर हलत होता. सरांना पत्ताच नव्हता. ते बोलत होते, की हे बघा काका, वरच्या भागात एक पापुद्रा पुढे, एक मागे. आता खाली या. मागचा पापुद्रा संपत नाही, तो पुढे येतो. तिन्ही पत्रे पुढून जातात. सरांनी कागदाला चीर पाडली, सॅकचा पट्टा वरून तिच्यातून मागे सरकवला. वर पट्ट्याच्या मागे कागद, चिरेखाली सगळे कागद पट्ट्याच्या पुढे.

दादामियाँनी आधी कात्री काढून घेतली. धार अंगठ्यावर पाहिली. मग कागद हातात घेतला, पट्टा चिरेतून दोनदा मागेपुढे केला.

“हा खिसा नाही,” ते म्हणाले. “हे काज आहे.”

सरांना काज म्हणजे काय ते कळलं नाही. दादामियाँनी त्यांच्याच शर्टाचं बटण काढून दाखवलं. कापड संपत नाही, कापडाला तोंड असतं, बटण त्यातून पलीकडे जातं आणि तोंडाची कड टाक्यांनी बांधलेली असते.

“मग आधी काज म्हणायचं होतं. खिसा खिसा काय लावलंत. तीन वेळा माझं नाव उसवलं, आणि वर माझी कात्री मारली.”

“कात्रीचं काय झालं?” सरांनी विचारलं. राजनंदिनीने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

काजं हा दादामियाँचा हातखंडा होता. मशीनची काजं आल्यापासून कुणी मागत नव्हतं, एवढंच. त्यांनी बक्रम उसवलं, तिन्ही पत्रे पुन्हा बेतले, रेशमी दोऱ्याने त्या चिरेची कमानीसारखी कड हाताने बांधली आणि दोन्ही उभे पट्टे तिच्यातून ओवले. खाली पुढून सगळं कापड, मागे फक्त मलमलीचं पातळ अस्तर, सरांनी सांगितलं होतं तेवढंच. मूठ दाबून पाहिली. मऊ लागलं. ते त्यांना अजूनही आवडलं नाही.

सर न्यायला आले तेव्हा जरा चाचरत म्हणाले की लेबल पुढे नको, परीक्षकांना जाहिरात वाटेल. पुढे नाही लावलेलं, असं दादामियाँ म्हणाले, आणि ते खरं होतं. काजाच्या आत, पाठ संपते तिथेच, मागच्या बाजूला ते शिवलं होतं. चिरेतून बोट घातल्याशिवाय दिसणार नाही.

पंधरा दिवस गेले. रंगनाथराव रोज चारला विचारत, आणि रोज उत्तर नाही असंच होतं. सोळाव्या दिवशी त्यांनी विचारणं सोडून दिलं. दादामियाँना ते नाही म्हटलं तरी थोडं खटकलं. कात्री धार लावायला देऊन आणली होती, तरी मधेच कापड चावत होती.

मग एका दुपारी राजनंदिनी आली, हातात पिशवी. तोंडी परीक्षेत तिला विचारलं होतं, म्यानाची मागची भिंत कुठे संपते. तिने चिरेत बोट घालून दाखवलं आणि घाबरून म्हणाली, सर, जिथं लेबल सुरू होतं तिथं. परीक्षकांनी उलटून पाहिलं. पास झाली.

“ओढून पाहिलं का त्यांनी काज?” दादामियाँनी विचारलं.

“दोनदा. काही नाही झालं.”

“आणि लेबल?”

“मोठ्यांदा वाचलं.” तिने घसा खाकरून परीक्षकांचा खर्जातला आवाज काढला. “‘दादामियाँ टेलर्स, नारायण पेठ. वा. अजून नवीन शिवतात का हे?’ असं विचारत होते.”

नसीमबानूंची सुई थांबली. दादामियाँ खुर्चीत सरळ बसले.

“मग तू काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, आल्टर करतात,” राजनंदिनी म्हणाली आणि पिशवीतून कुर्ता काढला. “कमरेत ढगळ होतोय, आजोबा. परवा फंक्शन आहे.”

दादामियाँनी कुर्ता घेतला, उलटा केला आणि खडू शोधायला लागले. खडू कानावरच होता.