आधी घोडा

दत्तूमामा कधी मुद्द्याचं आधी बोललेच नाहीत. विळा मागायला आले तरी पहिली चौकशी आमच्या मांजराची. बुद्धिबळातही तसंच. सगळी प्यादी जागच्या जागी ठेवून उजवीकडचा घोडा बाहेर काढायचा आणि मिशीला पीळ देत म्हणायचं, "घोडा काडला की कुटं जायाचं ते कुनास कळत न्हाई, ओ बाई. आपल्यासबी न्हाई!"

रामनगरच्या आत, जंगलातल्या आमच्या मराठी शाळेच्या कमिटीचे ते अध्यक्ष आणि मी तिथली एकुलती एक बाई. मी गेले की शाळेला कुलूप, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आणि मला तर बेळगावला जायचंच होतं.

शाळा सुटली की आम्ही व्हरांड्यात पट मांडायचो. वजिरासमोरच्या प्याद्यानं कुणी सुरुवात केली, तर त्यावर मोबाइलवरून शिकलेली एक हुकमी तोड माझ्याकडे होती: दुसऱ्याच खेळीला राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं ढकलायचं आणि गोंधळ उडवून द्यायचा. महिनाभर घोकली. पण मामांनी काढला घोडा. मग वजिराचं प्यादं, मग उंटासमोरचं. बघते तर मांडणी तीच की! फक्त माझं प्यादं जिथं जायचं, त्या घरावर त्यांचा घोडा आधीच टपलेला. ढकललं असतं तर फुकट गेलं असतं.

"ही लबाडी आहे, मामा!"

"लबाडी कसली? खेळ्या त्याच हायत. कंची आदी, त्येवडंच बगायचं."

बदलीला ते आडवे येणार, म्हणून तिथंही मी तोड तयार ठेवली होती: 'आई बेळगावात एकटी असते.' यावर कोण काय बोलणार? पण मामांनी 'राहा' म्हटलंच नाही. मामींना चकल्या शिकवायच्या म्हणून मे महिन्यात आईला आठ दिवस बोलावून घेतलं. मग मामींनी परसातला एक वाफा दिला. "नुस्तं लावून बगा." आईनं कंद लावले. आता कंद काढायला मार्गशीर्ष उजाडतो, हे मला कुठं माहीत!

बदलीची शाळा निवडायच्या कौन्सेलिंगची तारीख आली, तशी मी ताठ मानेनं मामांकडे गेले. "मला जायला हवं. आई—"

आई मामींच्या पडवीतच शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "जा की तू. शनिवारी येत जा. माझे कंद कोण बघणार?"

"मी ऱ्हावा म्हटलं काय ओ कवा?" मामांनी विचारलं, अगदी साळसूदपणे. मी फणफणत घरी आले. आईशिवाय बेळगावात काय करायचं होतं, डोंबल?

गेल्या पावसाळ्यात मामांनी अंथरूण धरलं. मी पट घेऊन भेटायला गेले. त्या दिवशी मांजराची चौकशी नाही, घोडा नाही. माझा हात धरून सरळ म्हणाले, "बाई, शाळा सोडू नगासा. सुप्याच्या धरनाच्या पान्यात आमचं गाव गेलं, तवा शाळाबी गेली. माजी चवथी ऱ्हायली ती ऱ्हायलीच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरळ हो म्हणायचं सोडून म्हटलं, "मामा, आईनं यंदा वाफा वाढवलाय."

ते मिशीत हसले. "शिकलासा की."

दसऱ्याआधीच मामा गेले. बदलीचा अर्ज यंदाही छापून आणला आहे. त्यावर आईनं बियाण्याचे कंद पसरलेत.